आधी कॉपर बाहेर काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'डोमिनियन'विषयी लिहिताना नवख्यांना 'परवडेल ते पान घेत चला' असा सल्ला दिला आहे. डोनाल्ड व्हॅकारिनो यांच्या २००८ सालच्या या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक जण पाने विकत घेत आपली गड्डी बांधतो आणि गुणांची पाने मिळवतो. त्यात हरायला तेवढा सल्ला पुरतो.

सुरुवातीच्या १० पानांत ७ कॉपर (प्रत्येकी १ नाणे देणारी पाने) आणि ३ एस्टेट (थोड्या गुणांची, नाणी न देणारी पाने) असतात. म्हणजे ५ पानांच्या हातात सरासरी साडेतीन नाणी, आणि प्रोव्हिन्सला, म्हणजे गुणांच्या मोठ्या पानाला, लागतात ८! चांगली पाने घेतली तरी ही दहा पाने दर पिसणीनंतर हातात येऊन बसतात. म्हणून त्या डावासाठी निवडून मांडलेल्या दहा ढिगांत चॅपल असेल, तर पहिल्या दोन पाळ्यांत चॅपल आणि सिल्व्हर (कॉपरहून मोठे नाण्यांचे पान) घ्यावे. दोन नाण्यांचे चॅपल एका वेळी ४ पाने कायमची बाद करते. हातात चॅपल आणि सुरुवातीची चार पाने आली, तर चारही काढा. कॉपर फेकताना जीव खालीवर होतो, पण त्या पाळीची खरेदी बुडाली तरी चालेल. दुसरे चॅपल मात्र घेऊ नये. काम संपल्यावर पहिलेच अडगळ होते.

मग व्हिलेज आणि स्मिदीच्या जोड्या. व्हिलेज (३ नाणी) १ पान आणि २ चाली देते; चाल म्हणजे असे पान खेळण्याची संधी, एरवी ती पाळीत एकच असते. स्मिदी (४ नाणी) ३ पाने देते, चाल देत नाही. आधी स्मिदी घ्यावी, कारण एकटी स्मिदी खेळता येते, एकट्या व्हिलेजने काहीच साधत नाही. दुसऱ्या स्मिदीआधी मात्र व्हिलेज हवेच, नाहीतर दोन्ही स्मिदी एका हातात येतात आणि एक वाया जाते.

प्रत्येक जोडी ४ पाने ओढते. तीन जोड्या, १ फेस्टिव्हल, ५ गोल्ड आणि ते जुने चॅपल, अशी १३ पानांची गड्डी घ्या. हातातली ५ आणि ओढलेली १२, म्हणजे १७ पानांपर्यंत पोच. जोड्या जुळल्या की सगळी गड्डी हातात. गोल्डची १५ आणि फेस्टिव्हलची २, अशी १७ नाणी. शिवाय फेस्टिव्हलची जादा खरेदी. एका पाळीत दोन प्रोव्हिन्स! ही जादा खरेदीच बहुतेक जण विसरतात आणि १७ नाण्यांत एकच प्रोव्हिन्स घेऊन बसतात. चार प्रोव्हिन्स आले की ती १७ची पोच भरते, पुढे हात अडकू लागतो. दोघांच्या खेळात मुळात आठच प्रोव्हिन्स असतात, त्यामुळे तोवर निम्मे आपले झालेले असतात.

मांडणीत व्हिलेजसारखे चाली वाढवणारे पानच नसेल, तर हा खटाटोप करू नये. तिथे सिल्व्हर, गोल्ड आणि फार तर दोन स्मिदी घ्याव्यात; न छाटलेल्या मोठ्या गड्डीत त्या दोन्ही एका हातात कमी वेळा येतात.

आपला,
एक वाचक, पुणे