मराठीत चिठ्ठी लिहून देणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,
सप्रेम नमस्कार.

आमच्या निपाणी भागात तंबाखू शेतात आहे, वखारीत आहे, विडीत आहे, आणि पाहुण्यापुढे सरकवायच्या पानाच्या तबकातही आहे. इथं "तंबाखू सोडा" म्हणणारे पुष्कळ भेटले. कुणी देवापुढं शपथ घ्यायला लावली, कुणी सडलेल्या तोंडाचे फोटो दाखवले. चार दिवसांत माणूस परत बार भरताना दिसला, की "मनाचा निग्रहच नाही" म्हणून मोकळे! सोडायचं कसं, हे एकानंही सांगितलं नाही. ते तुम्ही सांगितलंत. म्हणून आम्हा सोडणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र.

तुम्ही निग्रहाचं नाव काढलं नाही. पहिला प्रश्न विचारलात, "उठल्यावर पहिला बार किती वेळात?" अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटिनचं, म्हणजे तंबाखूतल्या तलफ लावणाऱ्या द्रव्याचं, गम ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ मिलिग्रॅमचं. हे गम साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं, आणि "आपल्याला सोसत नाही" म्हणून पाकीट फेकलं जातं. सावकाश चावायचं, तोंडात चुरचुरलं की थांबून गालात धरायचं, चुरचुर गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं खाणंपिणं नाही, कारण तोंड आंबट असलं की निकोटिन गालातून नीट शिरत नाही. पहिले ६ आठवडे तास-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार ते आठ तासांनी. मधेच बंद केलं की तलफ परत डोकं वर काढते, हेही तुम्हीच बजावलंत.

पण अक्का, खरी मोलाची ठरली ती तुमची चिठ्ठी.

तुमची मायबोली कानडी. छापील कागद कानडीतला. तो तुम्ही बाजूला ठेवलात, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात आणि ऱ्हस्व-दीर्घ विचारत विचारत मराठीत लिहिलंत:

"चहा संपला, की उठून कप विसळायचा. जेवण झालं, की खळखळून चूळ भरायची. हात मळू लागला, की डबी उघडून बडीशेप."

तीच तंबाखूची डबी, तोच खिसा, आत तेवढी भाजलेली बडीशेप. तळहातावर अंगठा फिरतो, फक्की झाडायला बोटं टपटप करतात. ही हाताची सवय तोडायला तुम्ही सांगितलं नाहीत, तिला दुसरं काम दिलंत. सुपारी मात्र निक्षून बंद, कारण तिचीही सवय जडते आणि तोंड उघडेनासं होतं. तलफ चढते आणि काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात विचार करत बसायला वेळ नसतो. काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, चिडचिड आणि झोपमोड दोन ते चार आठवडे.

आणि चुकून बार भरलाच तर? त्याच संध्याकाळी कुठं, कुणाबरोबर, कितीच्या सुमाराला ते आठवायचं आणि चिठ्ठीत एक ओळ वाढवायची. यात रागावणं कुठंच नव्हतं. सीमेवरच्या भाषेच्या भांडणात आमच्या पिढ्या गेल्या. समोरच्याला कळावं म्हणून त्याच्या भाषेत अडखळत लिहिणारं माणूस भेटलं की घसा दाटून येतो. अशी माणसं दोन्हीकडं आहेत, म्हणून इथं राहवतं.

आम्ही चिठ्ठीच्या झेरॉक्स काढल्यात. "मळू"मधला तुमचा ळ कानडी वळणाचा, गोल आलाय. तो तसाच ठेवलाय. खाली दोन ओळींची जागा कोरी आहे. उसाच्या तोडीवर जाणाऱ्यांसाठी काय लिहायचं, ते विचारायला बाजारच्या दिवशी येतोय.

आपले,
डबीत बडीशेप ठेवणारे