फ्लोरेन्सहून सुमीला

प्रिय सुमे,

किती दिवसांनी लिहितेय, रागावू नकोस. फोनवर सगळं अर्धवटच राहतं म्हणून आज मुद्दाम लिहायला बसले. कंपनीच्या कामाने फ्लोरेन्सला आलेय, रविवार मोकळा मिळाला तर सकाळीच उफ्फिझी म्युझियम गाठलं आणि बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमावेरा' चित्रासमोर अर्धा-पाऊण तास उभी राहिले. त्यात उजव्या बाजूला फ्लोरा आहे, फुलांची देवी, झग्यावर सुटी सुटी फुलं, गळ्यात फुलांचा हार, आणि ओच्यात गुलाब भरून ती उधळत चाललीय. ओच्यात गं, आपल्याकडे बाया शेतातून भाजी खुडून आणतात तश्शीच! माझी नजर त्या झग्यावरून हलेना, कारण याच झग्यावरून एका शिवणकाम करणाऱ्या बाईने इटलीला स्वतःची फॅशन दाखवली आणि आपल्या कोर्सला तिचं नाव एकदाही कुणी घेतलं नाही.

रोझा जेनोनी. जन्म १८६७ चा, उत्तरेकडच्या डोंगरातलं तिरानो गाव, वडील बूट शिवायचे, आई कपडे, आणि ही अठरा भावंडांत थोरली. दहा वर्षांची असताना मिलानला नातेवाइकांच्या शिवणाच्या दुकानात कामाला लागली. अशा पोरींना तिथे 'पिशिनीना' म्हणायचे, म्हणजे चिमुरडी. टाचण्या वेचायच्या, निरोप पोचवायचे, अंगापेक्षा मोठी कपड्यांची खोकी उचलून गिऱ्हाइकाच्या घरी न्यायची. १९०२ मध्ये या पोरींनी मिलानमध्ये चक्क संप केला. मला आपल्या क्लासमधली ती काजं-बटणं करणारी लहान मुलगी आठवली, आठवते का तुला?

तर रोझा पुढे पॅरिसला जाऊन काम शिकली, परत आली आणि तिच्या लक्षात आलं की मिलानमध्ये सगळं पॅरिसच्या नमुन्यावरून चाललंय. इटलीचं रेशीम फ्रान्समध्ये लिऑनला जायचं आणि फॅशन तिकडून यायची, आपला कापूस मँचेस्टरला जायचा ना तसंच. तिचं म्हणणं, आपल्या भिंतींवर एवढी चित्रं आहेत, नमुने तिथून घ्या की. १९०६ च्या मिलानच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिने बोत्तिचेल्लीच्या फुलांवरून गाऊन आणि पिसानेल्लो या जुन्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून लांब झगा करून मांडला आणि ग्रां प्री, म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस मिळवलं. इटली एक देश होऊन तेव्हा जेमतेम ४५ वर्षं झाली होती. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १९०५ ला, आपल्या पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झालेली, तिला ते माहीत असायचं कारण नाही पण मला ते दोन्ही एकत्रच आठवत राहतं.

पुढचं वाचून मात्र मला फार वाईट वाटलं. मुसोलिनीच्या राज्यात 'राष्ट्रीय फॅशन' हे सरकारी धोरणच झालं, १९३५ ला तोरिनोत त्यासाठी खास संस्था, फ्रेंच शब्द काढून इटालियन शब्द घालायचा कोश, दुधातल्या केसिनपासून 'लानिताल' नावाची लोकर. जी गोष्ट रोझाने मांडली तीच, पण रोझा युद्धविरोधी होती, १९१५ ला हेगच्या महिला शांतता परिषदेला गेलेली, तिने फॅसिस्टांची शपथ घ्यायला नकार दिला आणि शिकवायची नोकरी सोडली. तिची कल्पना घेतली आणि तिला बाहेर ठेवलं. देशाचा अभिमान एका शिंपिणीच्या हातात असतो तेव्हा तो वेगळा असतो आणि हुकमाने येतो तेव्हा वेगळा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुपारी फेरागामो या बूट करणाऱ्या कारागिराच्या म्युझियमला गेले. तिथले १९३० च्या दशकातले वेज सँडल, म्हणजे अखंड जाड टाचेचे, बघितले, युद्ध आणि निर्बंधांमुळे बुटाच्या तळव्यात घालायचं चांगलं पोलाद मिळेना म्हणून फेरागामोने बूच थरावर थर चिकटवून टाच केली. काचेच्या अगदी जवळ नाक नेलं तर बुचाची बारीक बारीक छिद्रं दिसतात. टंचाईतून निघालेली वस्तू आणि आज जगभरच्या दुकानांत.

सगळे इटालियन फॅशनची सुरुवात सांगतात ती १२ फेब्रुवारी १९५१ ची. जोर्जिनी नावाचा माणूस अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांसाठी खरेदी करून द्यायचा, त्याने पॅरिसला आलेल्या मोजक्या अमेरिकन खरेदीदारांना इथे घरी बोलावून शो केला आणि आमंत्रणात लिहिलं की बायकांनी इटालियन धाटणीचेच कपडे घालून यावं. पुढच्याच वर्षी शो पिट्टी राजवाड्याच्या पांढऱ्या दालनात गेला, नंतर सत्तरच्या दशकात रेडीमेडचा जोर वाढला तशी सूत्रं मिलानकडे गेली. मोठं काम केलं त्याने, वादच नाही, पण रोझाने हेच ४५ वर्षं आधी सांगितलं होतं गं.

उद्या प्रातोला जायचंय, इथून जवळच, जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून परत कापड करणारं गाव, आपल्या इचलकरंजीसारखा मागांचा खडखडाट. तिथेच १ डिसेंबर २०१३ ला एका शिवणाच्या कारखान्याला आग लागून सात चिनी कामगार गेले, कारखान्यातच झोपायचे ते. 'मेड इन इटली'चं लेबल बघितलं की हल्ली मला तेही आठवतं, आता गावात गेल्यावर कसं वाटेल कोण जाणे.

फ्लोराच्या बाहीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत, झूम करून बघ. ती फुलं तुझ्या त्या पांढऱ्या ऑर्गंडीवर साखळी टाक्याने येतील की भरीव टाका लागेल? मला वाटतं भरीव, पण हात तुझा, तूच सांग. काकांना नमस्कार, त्यांचे माग चालू आहेत ना अजून?

तुझीच,
विजू