निनादसाठी जागा बघायला जाशील तेव्हा

मुलुंड, मुंबई

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावासाठी, आपल्या निनादसाठी, दिव्यांग माणसांना सांभाळणाऱ्या दोन-तीन निवासी संस्था बघायच्या म्हणालीस, फार बरं वाटलं. बाबा जवळ असले की हे बोलणं फोनवर नीट होत नाही, म्हणून लिहिते आहे.

एकदा वेळ ठरवून जा, पण एकदा तरी न कळवता जा, आणि तेही जेवणाच्या वेळेला. मागे आम्ही एक जागा बघून आलो. फरशी लख्ख, चादरींना सुरकुती नाही, ऑफिसातल्या बाई बोलायला गोड. जेवणाच्या खोलीत मात्र भिंतीला टेकून बसलेल्या एवढ्या मोठ्या मुलांचा काहीच आवाज नव्हता. कुणी गुणगुणत नव्हतं, कुणी हात हलवत नव्हतं, नवीन माणूस आला म्हणून कुणी उठून बघायलाही आलं नाही. एक जण ताटावरच पेंगत होता. वाढणाऱ्या बाईंनी त्याच्या तोंडात घास भरला आणि तो गिळायच्या आत दुसरा पुढे केला. न्हाणीघराला दार नव्हतं, नुसता पडदा, आणि तोही बाजूला सारलेला. आम्ही चहा न घेता उठलो.

त्या पेंगण्याचं मला अजून वाईट वाटतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुणी लिहून दिल्या, शेवटचं कधी दाखवलं, हे प्रत्येक ठिकाणी विचार आणि चिठ्ठी बघायला माग. गोळी आजारासाठी असते. माणसं कमी आहेत म्हणून कुणाला गुंगीत ठेवणं ही मारहाणीइतकीच वाईट गोष्ट आहे. रात्री किती जण ड्यूटीवर असतात तेही विचार. दिवसाचा आकडा सगळे आपणहून सांगतात.

सोसायटीतल्या बायका निनादला 'गुणी' म्हणतात. सांगाल तिथे बसतो, सांगाल ते करतो. मला याचीच भीती वाटते गं. अशा मुलांना आपण लहानपणापासून ऐकायला शिकवतो. मग तिशीला आलेल्या माणसाला कुणी कपडे काढ म्हटलं तरी तो काढतो, गप्प बस म्हटलं की गप्प बसतो. हल्ली आंघोळीच्या आधी मी त्याला विचारते, "येऊ का आत?" तो "नको" म्हणाला तर बाहेर थांबते. उशीर झाला तर झाला. त्याचं 'नको' जिथे मोजलं जात नाही तिथे त्याला ठेवायचं नाही, मग जागा कितीही चांगली असो.

झालेली गोष्ट त्याला सांगता येत नाही, पण कळते. गुणगुणणं थांबतं, मनगट चावायला लागतो, एखाद्या ठरावीक माणसाच्या आवाजाने अंग चोरतो. भेटायला गेलीस की नखं बघ, कानामागे बघ, वजन बघ. पडल्यावर गुडघ्याला, कोपराला, कपाळाला लागतं. पडून दंडाच्या आतल्या बाजूला वळ सहसा उठत नाहीत. "पडला असेल" असं उत्तर आलं तर कधी, कुठे, जवळ कोण होतं आणि वहीत नोंद कुठे आहे, सगळं विचार. लोक चिडतील. चिडू देत.

आता कागदांचं. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत बँकेच्या खिडकीशी गेल्यावर कळतं. निनादसारख्या माणसांसाठी केलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी त्या समितीत असतात; आपलं काम मुंबई उपनगरात, म्हणजे वांद्रे पूर्वेला. नेमलेल्या पालकाला निनादच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोबही. पालकच हेळसांड करायला लागला किंवा पैसे खायला लागला, तर नातेवाईक त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. हा नियम मला फार आवडतो. आपल्या नात्यातल्या कुणाला तो अपमान वाटला तरी मला चालेल, कारण अशा माणसांना फसवणारे बहुतेक वेळा ओळखीचेच निघतात.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग हक्कांचा. दिव्यांग व्यक्तीचा छळ होतो आहे किंवा होईल असं वाटलं, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. त्यासाठी नातं लागत नाही. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याने तिला मुद्दाम अन्नपाणी दिलं नाही, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्या पेंगणाऱ्या मुलाच्या आईला हे कुणी सांगितलं असेल का?

पुढच्या पालकासाठी तुझं नाव सुचवावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. घाईने हो म्हणू नकोस, जावईबापूंशी बोल. तुझं लग्न झालंय, नोकरी आहे, आणि नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. मग एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा विचार करू आणि तू लक्ष ठेव.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा त्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची तुझ्याकडची झेरॉक्स घेऊन ये. आमची प्रत बाबांनी कुठल्या फाइलला लावली ते सापडत नाही.

तुझी,
आई