ए-२ फ्लॅटची एनओसी आणि ग्रुपवरचा तो फोटो

मा. अध्यक्ष साहेब आणि कमिटी मेंबर,

स.न.वि.वि.

मंगळवारी वॉचमनच्या हाती पाठवलेलं पत्र मिळालं. त्यात लिहिलंय की ए-२ मध्ये "बाहेरील व्यक्ती" राहायला येणार आहेत तर आधी कमिटीची एनओसी (ना-हरकत पत्र) घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन द्या, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहात नसला की लागतात ते) भरा, आणि "इतर सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन" निर्णय कळवू. तर बाहेरील व्यक्ती म्हणजे माझी मुलगी, जी बी विंगच्या जिन्यावर चालायला शिकली, आणि तिचा नवरा, जो मुसलमान आहे.

ए-२ आईचा फ्लॅट होता, आई गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाला, शेअर सर्टिफिकेटवर तुमचीच सही आहे. पुढच्या महिन्यात हिच्या, म्हणजे बायकोच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, मला एकट्याला झेपणार नाही, म्हणून ती दोघं इथे येतायत, बाकी काही कट-कारस्थान नाही.

आता नियमाचं बोलू, कारण पत्रात नियमाचीच भाषा आहे. आपल्या उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक मी शोधून काढलं (माळ्यावर होतं, अर्धं वाळवीने खाल्लंय). सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये कुटुंब म्हणजे कोण कोण ते दिलंय, त्यात मुलगी आहे, सून आहे, जावई पण आहे. चष्मा पुसून परत वाचलं. नुसतं जावई लिहिलंय, कुठल्या धर्माचा ते नाही. सरकारचा २००१ चा आदेश आहे त्यातही घरचेच लोक किंवा लग्न झालेली मुलगी राहात असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावता येत नाहीत, आणि जिथे लागतात तिथेही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर नाही. सी विंगमध्ये दोघांचे जावई वर्षानुवर्ष राहातायत, त्यांच्याकडून कधी एनओसी मागितलीत? मी खजिनदार होतो तीन वर्ष, मला माहितीये.

आपल्या वकील मेंबरांनी ग्रुपवर २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल टाकला, अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा. निकाल खरा आहे. पण त्या सोसायटीच्या उपविधीतच होतं की मेंबर पारशीच हवा, आपल्या उपविधीत तसं एक अक्षर नाही, आणि इथे मेंबर कोणी नवीन होतच नाहीये, मेंबर मीच आहे.

आता फोटोबद्दल. मुलीचं लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं, तो १९५४ चा आहे, त्यात लग्नाआधी ३० दिवस नोटीस लागते, ती विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसात बोर्डावर लावतात, नाव पत्ता सगळं. हरकत घ्यायची कारणंसुद्धा कायद्यात ठरलेली आहेत, आधीचं लग्न, वय, जवळचं नातं वगैरे. शेजाऱ्यांना आवडलं नाही हे कारण त्यात नाही. आपल्यापैकी कोणीतरी त्या बोर्डाचा फोटो काढला आणि रात्री पावणेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ज्या ग्रुपवर पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारायचं असतं. खाली अंगठे. एकाने वसईच्या त्या मुलीची, श्रद्धा वालकरच्या खुनाची, बातमी चिकटवली. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती काढली होती, तिथे जा म्हणून सांगायला दोघं घरी येऊन गेले. मुलगी २९ वर्षांची, स्वतः कमावणारी, मी समितीला काय सांगणार होतो की तिला घरी आणून द्या?

खोटं कशाला बोलू, मलाही हे लग्न नको होतं. वसईची बातमी तुम्ही टाकायच्या आधी माझ्या डोक्यात फिरत होती, कित्येक रात्री झोप नाही. चौदा महिने मी मुलीशी बोललो नाही, तिचा फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवायचो. लग्नाला गेलो नाही. त्या दिवशी ही म्हणाली बँकेत जाते, लॉकरचं काम आहे, आणि तिकडे जाऊन तीन साक्षीदारांतली एक सही करून आली, ते मला सर्टिफिकेटची झेरॉक्स हातात आली तेव्हा कळलं. त्याच्याही घरी आनंदच आहे, निकाह केला नाही म्हणून मोठा भाऊ अजून तोंड बघत नाही. मुलीने धर्म बदललेला नाही, त्यानेही नाही, हे पन्नास वेळा विचारून झालंय म्हणून एकदा लिहून टाकतो. माणूस दापोलीकडचा आहे, आपल्यातल्या निम्म्यांपेक्षा मराठी चांगलं बोलतो. त्याची बहीण सांदण घेऊन आली होती तर हिची आणि तिची फणसाचं खरं की नारळाच्या दुधाचं खरं यावर अर्धा तास जुंपली. मी अजून त्याच्याशी फार बोलत नाही. पण ते माझं मी बघीन, त्यासाठी कमिटीचा ठराव नको.

गेटवर बाकीच्यांचे जावई आले की गाडी बघूनच गेट उघडतं. ह्याच्याकडे दर वेळी आधार कार्ड, वर फोटो. वॉचमनचा दोष नाही, त्याला वरून सांगितलंय. पण पहिल्या वेळी इंटरकॉमवर त्याने विचारलं, काका, कोण म्हणून लिहू? तर मी म्हणालो, मुलीचा मित्र लिही. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं. इंटरकॉम स्पीकरवर असतो, जावयाने ऐकलं असणारच. वर आला, आंब्याची पेटी खाली ठेवली, पाणी प्यायला, एक शब्द बोलला नाही. त्यामुळे तुम्हाला जाब विचारताना मी फार ताठ मानेने विचारतोय असं समजू नका.

पण विचारतोय. ते पत्र मागे घ्या आणि तसं लेखी द्या. ग्रुपवरचा फोटो काढायला लावा, मुलीचा पत्ता आहे त्यावर. गेटवर जे बाकीच्यांना तेच ह्याला. सोमवारपर्यंत उत्तर नाही आलं तर मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज देणार आहे, तयार करून ठेवलाय, बावीस वर्षांची ओळख आहे म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

सामान येत्या रविवारी येईल, टेम्पो सकाळी ९ ला. सामान हलवायचे ५०० रुपये भरलेत, पावती सोबत जोडली आहे. ए विंगसमोर तुमची पांढरी गाडी असते, ती तेवढी साडेआठला काढून ठेवाल का.

आपला,
बी-३०४