हाताला काय लागते?

चि. राणी हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

फिजिओथेरपीच्या वर्गातल्या मैत्रिणींना सांध्याची हालचाल बोटांखाली लगेच कळते आणि तुला काहीच उमगत नाही, असे तू लिहिलेस. मला त्यात काळजीचे काही दिसत नाही. एकाच पाठीवर दोन अनुभवी थेरपिस्टनी बोटे ठेवली, तरी नेमका कोणता मणका ताठर आहे यावर त्यांचे पुष्कळदा एकमत होत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. तेव्हा शिकाऊ मुलींना सगळे लगेच कळते, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांच्या मोबिलायझेशनच्या, म्हणजे सांधा हाताने हलवण्याच्या, ग्रेड तुला तोंडपाठ असतील: पहिल्या दोन सांध्याचा प्रतिकार लागण्याआधीच्या, तिसरी आणि चौथी प्रतिकारात शिरणाऱ्या. तोंडी परीक्षेसाठी त्या पाठ हव्यातच. मात्र त्या पद्धतीचा गाभा ग्रेडमध्ये नाही, तर तपासणी, उपचार आणि लगेच पुन्हा तीच तपासणी या क्रमात आहे.

फ्रोझन शोल्डरचेच, म्हणजे आखडलेल्या खांद्याचेच घे. मधुमेह असलेल्या, पन्नाशीच्या बाई येतात. वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, अशी तक्रार असते. कोपर अंगाशी ठेवून, काटकोनात वाकवून, हात बाहेरच्या दिशेने आधी त्यांना फिरवायला सांग आणि मग तू स्वतः फिरव. तू फिरवल्यावरही तो तिथेच अडत असेल आणि शेवटी जाड चामडे ताणल्यासारखा अटकाव लागत असेल, तर दोष बहुधा सांध्याच्या आवरणात असतो. तुझ्या हाताने तो पूर्ण जात असेल, तर स्नायूंकडे वळ. आता, नॉर्वेचे फिजिओथेरपिस्ट काल्टेनबोर्न यांच्या नियमाप्रमाणे बाह्य परिभ्रमण, म्हणजे हाताचे हे बाहेर फिरणे, वाढवण्यासाठी ह्युमरसचे (दंडाच्या हाडाचे) डोके पुढे सरकवायला हवे. पण 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते डोके मागे सरकवणाऱ्या ग्लाइडनेच (सरकवण्याच्या हालचालीनेच) बाहेर फिरण्याचा कोन अधिक वाढला. म्हणून परीक्षेत नियम लिहून दे, पण निकाल गोनिओमीटरला, सांध्याचा कोन मोजणाऱ्या साधनाला, विचार. ग्लाइडनंतर कोन पुन्हा मोज, आणि चार-पाच अंशांची वाढ मोजमापाच्या चुकीतही बसते हे ध्यानात ठेवून हुरळून जाऊ नकोस.

रुग्णाशी काय बोलतेस, तेही उपचारातच मोडते. लोक येतानाच ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबली आहे’ ही भीती घेऊन येतात. त्यात ‘मणका सरकला होता, मी बसवला’ अशी भर तू घालू नकोस. कडकन आवाज झाला म्हणजे हाड जागेवर बसले, असे मुळीच नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ताणताना एमआरआय चित्रण केले, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्याच्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. इतकाच तो प्रकार. (हाडवैद्याकडे गर्दी होते ती या आवाजापायी, असे माझे मत आहे.)

हात लावण्याआधीचे प्रश्न मात्र एकदाही वगळू नकोस. रात्री झोपू न देणारी पाठदुखी, बारीक ताप, उतरलेले वजन दिसले, तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी मनात यायला हवा. बसायच्या जागी बधिरपणा आणि लघवी अडणे ही लक्षणे असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठव. तिथे मोबिलायझेशनचा विषयच संपतो.

अंगठे दुखतात म्हणालीस, त्याचे कारण बहुधा तू अंगठ्यानेच जोर लावतेस. अंगठ्याचा सांधा मागे मोडू देऊ नकोस, कोपर सरळ ठेव आणि दाब शरीराच्या वजनाने येऊ दे. शक्य असेल तिथे अंगठ्याऐवजी तळहाताची कड वापर. प्लिंथची, म्हणजे रुग्णाला झोपवायच्या टेबलाची, उंची कमी करता येत नसेल, तर पायाखाली स्टूल घे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ते चालेल का, हे मॅडमना आधीच विचारून ठेव.

तुझी,
आई