पम्या, गोळी खरी की खोटी?

प्रिय पम्या,

एवढं लांबलचक बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. इतके महिने तुझ्या मेसेजला नुसते अंगठे दाखवले, त्याच्या शिव्या भेटल्यावर दे. तब्येत ठीक आहे, शुगर बॉर्डरवर, बाकी मजेत.

तर, मी सिगारेट सोडलीये. हसून झालं की पुढं वाच.

इथं अमेरिकेत, मॅडिसनच्या युनिव्हर्सिटीत सिगारेट सोडण्यावर अभ्यास चालतात आणि त्यांना ओढणारी माणसं लागतात, त्यात मी नाव दिलं. प्रत्येक व्हिजिटला कार्डावर थोडे डॉलर टाकतात. बापट्याला सांगू नकोस, तो गावभर करेल की अव्या पैशासाठी सुधारला. पण लेका, आयुष्यभर ओढण्यात पैसे घातले, न ओढण्याचे मिळतायत तर का सोडू?

पहिल्या दिवशी सहा प्रश्न असतात, कितपत व्यसन आहे ते बघायला. उठल्यावर किती वेळात पहिली? मी म्हटलं, संडासच्या आधी. ती बाई पेन धरून थांबली आणि म्हणाली पाच मिनिटांच्या आत अशी खूण करते. मग विचारते, आजारपणात अंथरुणाला खिळलेले असलात तरी ओढता का? मला डोळ्यासमोर तू दिसलास, टायफॉइडमध्ये, सलाईनचा स्टँड ढकलत गॅलरीत आलेला आणि काडेपेटी विसरलो म्हणून मला आईबहिणीवरून. मी एकटाच हसत बसलो. मग एका नळीत फुंकायचं, आधी पंधरा सेकंद दम रोखून. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. माझा आकडा २४, न ओढणाऱ्याचा बहुतेक पाच-सहाच्या आतच असतो म्हणे.

आणि हो, तुझ्या त्या 'लाइट' सिगारेटचं विचारलं मी. सांगलीत टेरेसवर रात्रभर भांडला होतास ना की लाइटमध्ये टार, म्हणजे धुरातला तो चिकट काळा मळ, निम्मा, पाकिटावर आकडा आहे. तो आकडा मशीनचा असतो रे! मशीन दर मिनिटाला ३५ मिलीचा एक झुरका घेतं, तेवढाच. फिल्टरला बारीक भोकं असतात, त्यातून हवा आत येते, म्हणून आकडा कमी. माणूस ती भोकं बोटांनी नाहीतर ओठांनी दाबतो आणि वर जोरात ओढतो, मग टार कुठला निम्मा? म्हणजे मी बरोबर होतो. चहाचे पैसे अजून द्यायचेत तू.

आता खरं सांगायचं ते. पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी, सगळ्यांना खरा, २१ मिलिग्रॅमचा. पण गोळी काही जणांना व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडायच्या औषधाची आणि काही जणांना नुसती दिखाव्याची, दिसायला सेम टू सेम. मला कुठली, हे मला माहीत नाही आणि देणाऱ्या बाईलाही नाही. खरी गोळी काय करते तर मेंदूत निकोटीन जिथं जाऊन बसतं तिथं आधीच बसते, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी. तलफ कमी होते आणि ओढलीच तरी मजा येत नाही.

आणि मला मजा येईनाशी झाली, पम्या. सोडायची तारीख यायच्या आधीच. अर्धी टाकून दिली, मी!

रश्मी म्हणते गोळी खरीच, कारण मला मळमळतं. पण मळमळ, विचित्र स्वप्नं, हे सगळं सही करायच्या फॉर्मवर छापलेलं होतं आणि वाचून आजारी पडणारा माणूस मी, तुला वेगळं सांगायला नको. स्वप्नात आपले फ्लुइड मेकॅनिक्सचे सर टपरीवर चहा गाळतायत आणि मला बर्नुलीचं समीकरण विचारतायत. पण रात्री पॅच काढायचा राहिला तर त्यानेपण अशी स्वप्नं पडतात. म्हणजे पुरावा काहीच नाही.

गोळी खरी असेल तर ती बंद झाली की रुमाल उचलला, सीट मोकळी. इथंच, मॅडिसन आणि मिलवॉकीत, १०८६ लोकांवर झालेला अभ्यास २०१६ साली छापून आला, नुसता पॅच, नुसती ही गोळी आणि पॅच अधिक चघळायची गोळी. सहा महिन्यांनी तिन्हीकडे शंभरात पंचवीसच्या आसपासच सिगारेटविना टिकले होते. त्यामुळे ती भीती आहेच, पण ती रोजची भीती आहे, तिच्याबरोबर राहता येतं.

खोटी असेल तर काय? म्हणजे गोळीत काहीच नसताना मजा गेली, पॅच आणि मी मिळून सोडली. पॅच तेव्हाही दुकानात मिळत होता. तुला आठवतं, आई शेवटी शेवटी म्हणायची, अव्या वास येतो रे, जरा लांब बस. मी लांब बसायचो. तुझ्यासमोरच म्हणायचो तिला, नाही गं जमत. तू मान हलवायचास. मग ते खरं होतं की नाही? रश्मीला हे बोललो तर ती म्हणते उगाच उकरून काढतोस. तिनं ती खोली बघितलेली नाही.

सगळ्यांचं संपलं की मागितल्यावर कळवतात, कुणाला काय दिलं होतं ते. मी असं ठरवलंय की मेल आला की न उघडता तुला पाठवणार. तू वाच आणि खोटी निघाली तर मला सांगू नकोस. खरी निघाली तर सांग. (हो, म्हणजे तू गप्प बसलास की मला कळणारच, हे मलापण कळतं. काहीतरी आयडिया काढ, वर्गात पहिला यायचास ना.) तसं तुझ्या पोटात काही राहत नाही, माधुरीचं प्रकरण अख्ख्या होस्टेलला कुणी सांगितलं ते मी विसरलेलो नाही, पण दुसरा माणूस नाही माझ्याकडे.

स्लॅब पडला का? सोनूची दहावी यंदा ना, तिला म्हणावं काका फोन करतो रविवारी. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर कळव, पैशाचा संकोच करू नकोस.

आणि उत्तर लिहून पाठव, व्हॉइस नोट नको. मध्येच तू झुरका घेतोस तो ऐकू येतो आणि मग माझी अर्धी रात्र जाते.

तुझा,
अव्या