सीओपीच्या आकड्यासोबत त्याच्या अटीही छापा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घर किंवा पाणी तापवणारी यंत्रे) आणि पर्यावरणस्नेही शीतके (यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणारे पदार्थ) यांविषयीच्या बातम्यांत हल्ली एक वाक्य हटकून असते: 'संगणकीय मॉडेलनुसार नव्या शीतकावर यंत्राची कार्यक्षमता अमुक टक्क्यांनी वाढते.' ही कार्यक्षमता म्हणजेच सीओपी. टक्केवारी ठळक अक्षरांत असते. ती कोणत्या तापमानांना, कोणत्या कॉम्प्रेसरवर आणि किती उष्णता देताना मिळाली, हे मात्र कुठेच नसते. अशा आकड्यावर विसंबून लोक यंत्रे निवडतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

शीतक बदलायला हवे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मॉन्ट्रियल करारात किगाली येथे २०१६ मध्ये झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे, आणि तिच्यामुळे एचएफसी (हायड्रोफ्लोरोकार्बन) या शीतक वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवावाच लागणार आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-४१०ए या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट, आर-३२ ची ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनची जेमतेम ३ पट धरली जाते. प्रश्न शीतकांची तुलना कशी करायची हा आहे.

सीओपी म्हणजे यंत्राने दिलेली उष्णता भागिले त्याने खाल्लेली वीज. आता सर्वांत जास्त फसवणारी तुलना पाहा. आर-४१०ए साठी बनवलेल्या यंत्राचे मॉडेल घ्यायचे, शीतकाच्या रकान्यात आर-२९० लिहायचे आणि बाकी काहीही न बदलता गणित चालवायचे. शून्य अंशाला प्रोपेनच्या संपृक्त वाफेची घनता घनमीटरला सुमारे १०.३ किलो असते, आर-४१०एची सुमारे ३०.५ किलो. किलोमागे प्रोपेन जास्त उष्णता उचलतो हे खरे. पण कॉम्प्रेसर किलो मोजत नाही, तो आकारमान ओढतो. त्यामुळे बाष्पीभवन ० आणि द्रवीभवन ४० अंश धरले, तर त्याच कॉम्प्रेसरकडून साधारण ५८ टक्केच काम मिळते. कंडेन्सर (वाफेचा द्रव होताना उष्णता देणारी कॉइल) आणि इव्हॅपोरेटर (द्रव उकळताना उष्णता घेणारी कॉइल) मात्र पूर्वीएवढेच असतात. निम्म्याहून थोडी जास्त उष्णता पूर्ण आकाराच्या कॉइलमधून जाऊ लागली की हवा आणि शीतक यांतला तापमानाचा फरक कमी पुरतो, दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांच्या जवळ येतात आणि सीओपी वर चढतो. हे श्रेय शीतकाचे नाही, मोठ्या पडलेल्या कॉइलचे आहे. आर-४१०एचे यंत्र तितक्याच कमी वेगाने चालवले तर त्याचाही सीओपी असाच वाढेल.

म्हणून आधी कॉम्प्रेसरचे विस्थापन (एका फेरीत ओढले जाणारे आकारमान) साधारण १.७ पट करून दोन्ही यंत्रे सारखीच उष्णता देतील असे पाहावे, मग सीओपी वाचावा. त्यानंतर नळ्यांच्या समांतर वाटा, म्हणजे सर्किट, शीतकागणिक नव्याने ठरवाव्यात. विरळ वाफ जुन्याच अरुंद वाटांतून ढकलली तर दाबाचा ऱ्हास वाढतो आणि प्रोपेनवर उलट अन्याय होतो. (हे बदल मॉडेलमध्ये करायचे. दुसऱ्या वायूसाठी बनलेल्या प्रत्यक्ष यंत्रात प्रोपेन कधीही भरू नये. तो ज्वालाग्राही आहे, आणि त्या यंत्रातील विजेचे भाग ठिणगीपासून सुरक्षित असतीलच असे नाही.)

दुसरी चूक कॉम्प्रेसरच्या नकाशात असते. उत्पादक बहुधा दहा गुणकांचे त्रिघाती सूत्र देतात. त्यात बाष्पीभवन आणि द्रवीभवनाचे तापमान घातले की शीतकाचा प्रवाह आणि वीज मिळते. हे गुणक एका शीतकापुरते आणि मोजलेल्या मर्यादेपुरतेच खरे. मर्यादेबाहेर, म्हणजे कडाक्याच्या थंडीत गरम पाणी करताना, त्रिघाती वक्र कुठेही वळू शकतो. प्रवाह ऋण आला तरी संगणक तक्रार करत नाही. नव्या शीतकाचा नकाशा नसेल तर जुने गुणक उसने घेऊ नयेत. आकारमानी (प्रत्यक्षात किती वाफ ओढली) आणि आयसेंट्रॉपिक (आदर्श दाबणीच्या तुलनेत किती ऊर्जा लागली) कार्यक्षमता दाबाच्या गुणोत्तरावर मांडून वापराव्यात आणि हा अंदाज आहे असे स्पष्ट लिहावे. नकाशा सुमारे ११ अंश सुपरहीटवर (वाफ उकळण्याच्या तापमानापेक्षा जितकी जास्त गरम असते त्यावर) मोजलेला आणि यंत्र ५ अंशांवर चालणारे असेल, तर ओढल्या जाणाऱ्या वाफेच्या घनतेनुसार प्रवाहात दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती अनेकदा राहूनच जाते.

मिश्र शीतकांत याच जागी आणखी एक खड्डा आहे. आर-४५४सी मध्ये २१.५ टक्के आर-३२ आणि ७८.५ टक्के आर-१२३४वायएफ असते. एकाच दाबाला ते उकळायला सुरुवात होते त्या तापमानात आणि पूर्ण वाफ होते त्या तापमानात सहा ते आठ अंशांचे अंतर पडते; याला ग्लाइड म्हणतात. कॉम्प्रेसरचा नकाशा ड्यू पॉइंटवर, म्हणजे वरच्या टोकाच्या तापमानावर असतो. मॉडेल लिहिणारा मात्र सरासरी तापमान घालतो. तीन अंशांची ही गफलत बाष्पीभवनाच्या बाजूला प्रवाह सुमारे दहा टक्क्यांनी चुकवायला पुरेशी आहे. सुपरहीट ड्यू पॉइंटपासून आणि सबकूलिंग (द्रव जितका जास्त थंड झाला ते अंश) बबल पॉइंटपासून, म्हणजे खालच्या टोकापासूनच मोजायचे, हा नियम कोडमध्ये पहिल्या दिवशी लिहून ठेवावा. ग्लाइडचा फायदा हवा आणि शीतक विरुद्ध दिशांनी वाहतात तेव्हाच मिळतो. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (गरम आणि थंड यांत अदलाबदल करणारी झडप) फिरला की शीतकाची दिशा उलटते, पंख्याची नाही. म्हणून गरम करताना प्रतिप्रवाही असलेली कॉइल थंड करताना सहप्रवाही होते. एकाच सूत्राने दोन्ही ऋतूंचे आकडे काढलेले दिसले की आम्ही पुढे वाचणे थांबवतो.

शीतकांच्या गुणधर्मांसाठी रेफप्रॉप किंवा मोफत मिळणारे कूलप्रॉप हे सॉफ्टवेअर वापरतात. दोन्ही उत्तम आहेत. मिश्रणाचे परस्परक्रियेचे गुणक मोजमापावर बेतलेले आहेत की अंदाजाने भरलेले, एवढे मात्र तपासून घ्यावे.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी. त्याचा क्रांतिक बिंदू (ज्याच्या वर द्रव आणि वायू वेगळे राहत नाहीत) ३१ अंश आणि ७३.८ बारवर आहे. पाणी तापवताना तो त्याच्या वर असतो, त्यामुळे द्रवीभवन होतच नाही, वायू फक्त थंड होत जातो. ८० बारला ३५ अंशांच्या आसपास त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्याही कितीतरी पट होते. गॅस कूलरच्या (इथे कंडेन्सरच्या जागी असलेल्या कॉइलच्या) फक्त दोन टोकांची तापमाने घेऊन सरासरी फरक काढला, तर मधेच कुठेतरी पाणी शीतकापेक्षा गरम झालेले असते आणि गणिताला त्याचा पत्ता नसतो. गॅस कूलरचे किमान वीस-तीस तुकडे करून प्रत्येकात फरक धन आहे ना, हे पाहावे. दाब ही येथे स्वतंत्र चलराशी आहे. प्रत्येक परिस्थितीत सर्वोत्तम दाब शोधावा लागतो. १५ अंशांचे पाणी ६५ पर्यंत नेताना हे शीतक उत्कृष्ट चालते. ४५ अंशांनी परत येणारे पाणी पुन्हा तापवायचे असेल तर वायू पुरेसा थंड होत नाही आणि सीओपी कोसळतो. या दोन परिस्थितींपैकी कोणता आकडा छापला आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

चार्जविषयी, म्हणजे यंत्रात भरलेल्या शीतकाविषयी थोडे. प्रोपेनच्या लहान यंत्रांत ओळखीची १५० ग्रॅमची मर्यादा त्याच्या ज्वलनाच्या खालच्या सीमेवरून (हवेत पेट घेण्यापुरत्या किमान प्रमाणावरून) येते: घनमीटरला ०.०३८ किलो गुणिले ४ घनमीटर, म्हणजे १५२ ग्रॅम. वाफ आणि द्रव एकाच वेगाने वाहतात असे मानणारे मॉडेल नळीत द्रव कमी दाखवते, म्हणून चार्जही कमी दाखवते. शिवाय प्रोपेन कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळतो. त्यातले २० ग्रॅम तेलात गेले तरी १३ टक्के चार्ज अभिसरणातून गेला आणि कंडेन्सरमधले सबकूलिंग ढासळले. 'मर्यादेत बसते' असा दावा करणाऱ्याने तेल हिशेबात धरले होते का, हा पहिला प्रश्न असावा.

मॉडेल तपासण्याची सोपी रीत अशी. कंडेन्सरची उष्णता ही इव्हॅपोरेटरची उष्णता अधिक कॉम्प्रेसरची वीज वजा कवचातून गेलेली उष्णता एवढीच असली पाहिजे. फरक हजारात एकापेक्षा जास्त असेल तर गणित पूर्ण जुळलेले नाही. मग प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी तुलना करावी. एकाच बिंदूवर उष्णतावहनाचे गुणक ओढूनताणून जुळवणे ही पडताळणी नव्हे. काही बिंदूंवर जुळवावे आणि न वापरलेल्या बिंदूंवर तपासावे.

आमची विनंती एवढीच, की असा आकडा छापताना हवेचे आणि पाण्याचे तापमान, दिलेली उष्णता, कॉम्प्रेसरच्या माहितीचा आधार आणि पंखा-पंपाची वीज धरली आहे की नाही, या चार गोष्टी सोबत छापाव्यात. बाहेर ७ अंश असतानाचा सीओपी सर्वत्र मिळतो, पण तिथे कॉइलवर बर्फ फारसा धरत नाही. स्थिर अवस्थेचे मॉडेल बर्फ पाहतच नाही. उणे १० अंशांच्या हवेत बाष्पच थोडे असते, म्हणून जास्तीत जास्त बर्फ ० ते ५ अंशांच्या दमट हवेत साचतो आणि तो वितळवताना यंत्र घरालाच उष्णता मागते. त्यामुळे बातमीदाराने उत्पादकाला एकच जादा आकडा विचारायचा असेल, तर २ अंशांचा विचारावा, आणि त्यात बर्फ वितळवण्याचा वेळ धरला आहे का, हेही.

आपले,
हीट पंपांच्या संगणकीय मॉडेलिंगवर काम करणारे काही अभियंते